नाण्यावर विझलेली आग

भाच्याला ७८६ नंबरची नोट हवी होती, म्हणून गेल्या पावसाळ्यात दादरला एका हॉलमध्ये भरलेल्या नाण्यांच्या प्रदर्शनात गेले. नोट मिळाली नाही. म्हणजे होती, पण तिचा भाव ऐकून भाच्यानेच मला हाताला धरून बाजूला ओढलं. निघता निघता एका टेबलावर स्टीलच्या ताटलीत, शेंगदाणे ओतून ठेवावेत तशी, काळपट नाण्यांची रास दिसली.

"गधैया आहेत, ताई. साडेतीनशेला एक. कुठलंही उचला."

"गधैया म्हणजे?"

"हजारेक वर्षांपूर्वीचं नाणं. पुढे राजा, मागे अग्निकुंड."

मी एक उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. राजा नव्हता, अग्निकुंडही नव्हतं. "दिसत नाहीये हो," मी म्हटलं. "दिसणार नाही," तो शांतपणे म्हणाला, "पण आहे." गाभाऱ्यातल्या अंधाराकडे बोट दाखवून पुजारी सांगतात, त्या सुरात. मी साडेतीनशे रुपये दिले.

घरी येऊन टेबललॅम्पखाली भिंगातून पाहिलं. करंगळीच्या नखाहून जरा मोठं, पण चांगलं जाड. वजन चार ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला एक लांब वाकडी रेघ, तिच्याजवळ एक टपोरा ठिपका, खाली दोन बारके ठिपके. बराच वेळ बघत राहिल्यावर रेघेचं नाक झालं, टपोऱ्या ठिपक्याचा डोळा आणि खालच्या दोहोंचे ओठ. दुसऱ्या बाजूला मधे उभा दांडा, दोन्ही अंगांना ठिपक्यांच्या ओळी, वर-खाली आडव्या रेघा, आणि अगदी माथ्यावर, काठाला चिकटून, चंद्रकोर आणि सूर्य. ह्या ठिपक्यांमध्ये आग शोधायची होती.

ती शोधायला इराणात जावं लागतं.

इ.स. २२४ मध्ये अर्दशीरने पार्थियनांचं राज्य उलथवलं आणि सासानी घराण्याची गादी घातली. त्याच्या चांदीच्या नाण्यावर मागच्या बाजूला वेदी आहे, वेदीवर पेटलेला अग्नी आहे, आणि शेजारी पहलवीत, म्हणजे त्या काळच्या इराणी भाषेत, मजकूर आहे: अर्दशीरचा अग्नी. हा कुठला तरी अग्नी नव्हे. सासानी राजा गादीवर बसला की त्याच्या नावाचा अग्नी पेटवला जायचा आणि राज्याची वर्षं त्या दिवसापासून मोजली जायची. आपल्याकडे नवा राजा नवा शक चालवतो, तसं काहीसं. पुढे अर्दशीरच्या मुलाने, शापूरने, वेदीच्या दोन्ही बाजूंना दोन उभी माणसं आणली, आणि तो घाट मग चारशे वर्षं टिकला. मधल्या काही राजांच्या नाण्यांवर तर ज्वाळांमधून एक चेहरा वर आलेला दिसतो.

ह्यात माझा जीव अडकतो तो कोरणाऱ्यावर. आगीला कडा नसते. घोडा कोरता येतो, नाक कोरता येतं, ज्वाळेची रेघ कुठून सुरू करायची? त्यात ठसा उलटा कोरायचा. ठशात जे खोल, ते नाण्यावर उंच. म्हणजे पोलादात खड्डा खणून आग बनवायची. सासानी कारागिराने त्यावर काढलेली तोड साधी आणि देखणी आहे: आखूड उभ्या रेघांच्या रांगा, एकीवर एक, वर जाताना निमुळत्या होत गेलेल्या. लांबून पाहिलं तर शिखर वाटावं. आपल्याकडच्या मूर्तींच्या प्रभावळीत ज्वाळा पिंपळाच्या पानासारख्या वळवून काढतात, त्यात लय जास्त आणि धग कमी. इराणी रेघांमध्ये धग आहे. ह्या बाबतीत मी सरळसरळ पक्षपाती आहे.

ही आग आपल्याकडे आली ती पेरोजच्या पराभवातून. सासानी राजा पेरोज (इ.स. ४५९ ते ४८४) हूणांशी लढायला गेला आणि त्यांच्या हाती सापडला. सुटकेसाठी त्याने तीस खेचरं भरून चांदीची नाणी द्यायचं कबूल केलं. खजिन्यात वीस खेचरांपुरतीच निघाली. राहिलेल्या दहांसाठी पोटचा मुलगा ओलीस ठेवावा लागला. पुढे मुलगा सोडवला, पेरोज पुन्हा लढायला गेला आणि ह्या खेपेला मारलाच गेला. पण त्याच्या नाण्यांचं चांगभलं झालं. हूणांना ती चांदी सवयीची झाली, त्यांनी तशीच नाणी पाडायला घेतली, आणि तोरमाणाच्या काळात हूण माळव्यात एरणपर्यंत आले तेव्हा तो घाटही त्यांच्याबरोबर आला. हूण गेले. घाट राहिला. राजस्थान, गुजरात, माळवा, पुढे कोकण, असं करत शतकानुशतकं लोक पेरोजची नक्कल, मग नकलेची नक्कल, मग तिचीही नक्कल करत गेले. पेरोजचं नाणं रुंद आणि पातळ, जवळजवळ आपल्या जुन्या रुपयाएवढं. माझ्या हातातलं त्याच्या जेमतेम अर्ध्या रुंदीचं. वजन तेवढंच, म्हणून जाड. अंग आखडलं तशी जागा कमी झाली. आधी लेख गेला, मग दोन बाजूंची माणसं काठ्या झाली, मग काठ्यांचे ठिपके, आणि ज्वाळा कुठल्या शतकात कुठल्या ठशावर विझली ते कुणाला कळलंही नसेल.

हे कसं होतं, ते मला आमच्या घरच्या वाट्यांवरून ठाऊक आहे.

आईच्या लग्नात तिच्या मामाने स्टीलच्या बारा वाट्या दिल्या. दुकानात भांड्यांवर नाव घालून देणारा मुलगा होता. त्याच्या हातात कागद दिला: वैजयंती. पहिल्या वाटीवर त्याने कागदात बघून नीट 'वैजयंती' कोरलं. बहुधा कागद पंख्याच्या वाऱ्याने उडाला असेल, किंवा त्याला मान वर करायचा कंटाळा आला असेल. पुढची वाटी त्याने आधीच्या वाटीत बघून कोरली. तिसऱ्या-चौथ्या वाटीवर अनुस्वार वेलांटीच्या शेपटीत विरला. सातव्या वाटीपासून 'य' गायब आहे. बाराव्या वाटीवर स्वच्छ, ठसठशीत, कुठलाही संकोच न बाळगता 'वैजती' असं लिहिलंय. बाबा चिडवायचे तेव्हा आईला वैजती म्हणायचे. गंमत अशी, की बाराव्या वाटीवरचं अक्षर पहिल्या वाटीपेक्षा चांगलं आहे. तोवर पोराचा हात बसला होता.

नाण्यांचं तेच झालं. ठसा शेकड्याने घाव खातो आणि एक दिवस तडकतो किंवा बुजतो. नवा करायचा तर समोर काय असतं? पेरोज नसतो, इराण नसतं, वेदीही नसते. बाजारात फिरलेलं, बोटांनी झिजलेलं कालचं नाणं असतं. झिजण्यात सगळ्यात आधी उंच भाग जातात, आणि ज्वाळेच्या रेघा बारीक, त्या लवकर सपाट होतात. कारागिराच्या हातात हत्यारंही मोजकी: एक ठिपक्याचा ठोका, एक रेघेची छिन्नी. जे दिसत नाही ते तो ठिपक्यांनी भरतो. शिवराईचं असंच झालं. महाराजांच्या पैशावर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' अशी अक्षरं होती; नंतरच्या दुदांडी शिवराई नाण्यांवर त्यातलं कधी अर्धंच अक्षर राहतं, कधी नुसत्या रेघा. तरी बाजारात शिवराई ती शिवराईच.

आणि सराफाला बदल नकोच असतो. नाणं ओळखीचं दिसलं की तो घेतो, नवीन दिसलं की कसोटीवर घासतो. आग कशाची, राजा कुठला, ह्याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पुढे पुढे त्याची नजर चुकवून चांदीत तांबंही भरपूर मिसळलं गेलं. शिलालेखांत नि ताम्रपटांत अशा चांदीच्या नाण्यांना 'द्रम्म' म्हणतात. मूळ ग्रीक ड्राखमा. तिचा झाला द्रम्म, त्याचा दाम. 'दाम करी काम' म्हणताना आपण ग्रीक बोलतो हे तरी आपल्याला कुठे माहीत असतं?

नाणकशास्त्राच्या पुस्तकांत ह्या नाण्यांबद्दल 'भ्रष्ट', 'विकृत', 'अवनत' असे शब्द येतात. सुरुवातीला मला ते पटले. नंतर देव्हाऱ्यातले टाक आठवले.

आमच्याकडे खंडोबाचा टाक आहे. चांदीच्या पत्र्याला ठशावर ठोकून उठाव दिलेला. मूळ ठशात घोडा होता, घोड्यावर देव, मागे म्हाळसा, खाली कुत्रा. तीन पिढ्यांनी तो चिंचेने आणि रांगोळीने घासला. आता घोड्याचा उंचवटा राहिलाय, देवाचा एक गोळा, आणि कुत्र्याच्या जागी नुसती खरखर. आजी त्याच्याकडे बोट दाखवून मला सांगायची, "हा घोडा बघ कसा उधळलाय." मला उधळलेला घोडा दिसायचा. मागे एकदा देव उजळायला दिले तेव्हा सोनाराने विचारलं, "नवीनच करून देऊ का? हा फार झिजलाय." काकू म्हणाली, "झिजला म्हणूनच तर आमचा आहे." नवा केला नाही. माझ्या नाण्याला भ्रष्ट म्हणणाऱ्यांनी काकूला भेटावं.

तरीही मी पुरती काकूच्या बाजूची नाही. टाक झिजला तरी घरात सांगणारं कुणीतरी होतं की हा घोडा आहे. नाण्यामागे ते माणूस नव्हतं. ह्या नाण्यांवरचा आकार कुणाला गाढवाचं तोंड वाटला, आणि गर्दभिल्ल राजाची, गाढवाचं रूप घेणाऱ्या गंधर्वसेनाची गोष्ट त्याला चिकटली. त्यावरून गधैया. आगीचं गाढव! मग १८३०च्या दशकात कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूचा कस तपासणाऱ्या जेम्स प्रिन्सेपने ही नाणी सासानी नाण्यांच्या वंशातली असल्याचं ओळखलं. ब्राह्मी लिपी उलगडणारा तो हाच. नुसता विद्वान असता तर कदाचित त्याला दिसलं नसतं. आपल्या लेखांसाठी नाण्यांची चित्रं तो बरीचशी स्वतःच काढायचा आणि कोरायचा. एकेका नाण्याची रेघ हाताने पुन्हा काढणाऱ्याला ह्या नाकातून मागचं नाक दिसणारच.

आता ह्या गोष्टीची दुसरी बाजू. इराणातून पश्चिम किनाऱ्यावर अग्नी दोनदा आला. एकदा नाण्यावरून, आणि दुसऱ्यांदा माणसांबरोबर.

सासानी राज्य अरबांनी सातव्या शतकात बुडवलं. पुढे केव्हातरी, परंपरेत ७१६ आणि ९३६ अशी दोन सालं सांगतात, झरथुष्ट्राचे अनुयायी, म्हणजे आजचे पारशी, गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला उतरले. तिथे त्यांनी जो अग्नी प्रतिष्ठित केला तो इराणशाह. संजाण पडल्यावर तो डोंगरात हलवला गेला. बोर्डीच्या मागे, आज पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या बाहरोटच्या गुहांमध्ये तो बारा वर्षं होता असं पारशी सांगतात. तिथून वांसदा, नवसारी, सुरत असे मुक्काम करत १७४२ मध्ये तो उदवाड्याला आला, आणि अजून तिथेच जळतोय.

फोर्टमध्ये नोकरी करत होते तेव्हा माणेकजी सेठ अग्यारीवरून, पारशांच्या अग्निमंदिरावरून, रोज जायचे. १७३३ ची आहे. दारात माणसाच्या तोंडाचे, पंख फुटलेले दोन दगडी बैल बसलेत. आत जायची मला परवानगी नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. प्रत्येक दार माझ्यासाठी उघडं असावं असा माझा आग्रह नाही. बाहेर सुखडीचा, म्हणजे चंदनाचा, वास यायचा. आत दिवसातून पाच वेळा, प्रत्येक गेहला म्हणजे प्रहराला, तोंडाला पदान नावाचं फडकं बांधलेले दस्तुर, म्हणजे धर्मगुरू, अग्नीला सुखड देतात आणि घंटा वाजवतात. बोई म्हणतात त्याला.

एका पारशी सहकारी बाईंनी डबा खाताना मला आतश बेहराम, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा अग्नी, कसा बनवतात ते सांगितलं होतं, आणि गधैया विकत घेईपर्यंत मी ते विसरून गेले होते. सोळा ठिकाणचे अग्नी गोळा करतात. कुंभाराचा, सोनाराचा, लोहाराचा, भटारखान्याचा, मेंढपाळाचा, विजेने लागलेला, चितेचासुद्धा. प्रत्येक अग्नी आधी शुद्ध करायचा. त्याची रीत अशी: भोकं असलेल्या कलथ्यात सुखडीचा चुरा घ्यायचा आणि ज्वाळेच्या वर धरायचा, ज्वाळेला स्पर्श होऊ न देता. नुसत्या धगीने चुरा पेटला की तो नवा अग्नी. आता ह्या नव्यावर दुसरा कलथा धरायचा. त्यातून तिसरा. चितेच्या अग्नीला हे एक्क्याण्णव वेळा करतात.

म्हणजे नक्कलच. अग्नीची नक्कल, तिची नक्कल, तिचीही नक्कल. पण इथे प्रत्येक पायरीला मळ गळतो. वाट्यांवर आणि नाण्यांवर प्रत्येक पायरीला मूळ गळत होतं. मी कितीतरी दिवस ह्याचाच विचार करत होते. फरक कशात आहे? बाई पटकन म्हणाल्या असत्या, आमच्यात प्रत्येक पायरीला मंत्र असतो. असेलही. मला वाटतं, फरक स्पर्शात आहे. नाण्याचा कारागीर कालच्या नाण्याला बोट लावून, चाचपून, त्याचाच आकार उचलायला बघत होता. धग आकार उचलत नाही.

त्या सोळांच्या यादीत आणखी एक अग्नी आहे, जो मला आधी कधीच लक्षात राहिला नव्हता. टांकसाळीचा.

आता कोकण, अकराव्या शतकाचा पहिला भाग. ठाण्याला शिलाहारांचं राज्य. अरिकेसरीच्या १०१७ च्या ताम्रपटात हंयमन नावाच्या नगरातल्या लोकांचा उल्लेख येतो. अनेक अभ्यासक ते संजाण मानतात. अरिकेसरीनंतर त्याचा पुतण्या छित्तराज गादीवर आला, आणि ह्याच गधैया घाटाच्या काही चांदीच्या नाण्यांवर त्याचं नाव नागरीत सापडतं. विझलेल्या वेदीशेजारी श्री छित्तराज. शिलाहारांच्या गद्धेगाळांच्या, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेल्या दगडांच्या, माथ्यावर जे चंद्र-सूर्य असतात, तेच नाण्याच्याही माथ्यावर. पेरोजच्या नाण्यावर ज्वाळेच्या दोन बाजूंना चांदणी आणि कोर होती. चांदणीचा सूर्य झाला, कोर तशीच राहिली. बाकी सगळं गेलं आणि हे दोघे टिकले, कारण ते इथल्या माणसाला वाचता येत होते. आचंद्रार्क, चंद्र-सूर्य असेतो.

आणि त्याच काळात, १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये, पारशी माणसांचे जथे कान्हेरीला आले, लेणी पाहिली, आणि नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी अक्षरांत आपली नावं कोरून गेले. बापाच्या नावासकट, शेवटच्या सासानी राजाच्या नावाचा यज़्दगर्दी सन घालून, देवाचं नाव घेऊन. लेण्यांवर नावं कोरणाऱ्यांना मी एरवी शिव्या घालते. ह्यांना घालवत नाहीत. त्या नावांमध्ये 'आतुर' हा शब्द येतो. आतुर-माहान नावाच्या बापाचे दोन मुलगे त्यात आहेत. आतुर म्हणजे अग्नी.

त्यातला एखादा मुलगा कान्हेरीला आला, म्हणजे वाटेत कुठेतरी जेवला, होडी करून खाडी ओलांडली, ओझ्याला हमाल केला. कमरेच्या पिशवीत द्रम्म असणारच. त्याने ते नाणं मोजून हमालाच्या हातावर ठेवलं असेल. ज्याच्या घराण्याच्या नावातच अग्नी, त्याच्या बोटांखाली त्याच्याच जुन्या राजांचा अग्नी होता, ठिपक्यांत मोडलेला. त्याने ओळखला असेल? मला नाही वाटत. त्याने चांदी बघितली असेल.

जानेवारीत एका बुधवारी मी कान्हेरीला गेले. नाणं प्लॅस्टिकच्या पुडीत घालून पर्समध्ये ठेवलं होतं. बोरिवलीच्या उद्यानातून बस वर जाते, तिथून पायऱ्या. नव्वद नंबरपर्यंत पोचेपर्यंत चार वाजले होते. अक्षरं उथळ आहेत, समोरून पाहिलं तर दगडावरचे नुसते ओरखडे. मोबाइलचा टॉर्च बाजूने, भिंतीला जवळजवळ टेकवून धरला, तेव्हा प्रत्येक ओरखड्याला सावली आली आणि ओळी उभ्या राहिल्या. मला पहलवीचं एक अक्षर येत नाही. तरी 'आतुर' कुठे असेल म्हणून उगाच शोधलं.

मग त्याच उजेडात नाणं तळहातावर धरलं. बाजूने प्रकाश पडल्यावर ठिपक्यांनाही सावल्या आल्या.

"मॅडम, भिंतीला हात नका लावू," मागून आवाज आला. गार्ड होता, साठीच्या आसपासचा, स्वेटरवर शिट्टी लोंबत असलेला.

"नाही लावला. हे बघत होते."

त्याने वाकून पाहिलं. मी टॉर्च जरा तिरका केला. त्याने नाणं हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं, चंद्र-सूर्य वर येतील असं बरोबर फिरवलं.

"दीपमाळ आहे ना ही?" तो म्हणाला, आणि नाणं माझ्या हातावर ठेवून शिट्टी फुंकत खालच्या लेण्यांकडे उतरला.